गव्हाणीत काय अंथरायचं

डिसेंबरात परभणीला पहाटे धुकं पडतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, आमच्याकडं बाराही महिने ऊनच. पण त्या वर्षीचा डिसेंबर मला तरी सगळा धुक्यातच आठवतो. साडेपाचला नवरा मला स्कूटीवर मागं बसवून रेडिओ केंद्रावर सोडायचा. मला सातवा महिना चालू होता, म्हणून तो गाडी इतकी हळू चालवायचा की सायकलवरचे दूधवालेसुद्धा हसत पुढं निघून जायचे. "अरे, वरात काढायलास का?" मी मागून म्हणायची. रस्त्यावरचे दिवे, चहाची टपरी, शेकोटीभोवती बसलेली माणसं, सगळं अर्धवट पुसल्यासारखं दिसायचं. मी जागी आहे की झोपेत, हे मलाच नीट कळत नसे.

सकाळच्या सभेत, म्हणजे सकाळच्या प्रसारणात, मी उद्घोषक होते. कायमची नोकरी नव्हे, बोलावतील त्या दिवशी जायचं. हवामान सांगायचं, शेतकऱ्यांना सल्ला वाचून दाखवायचा, मोंढ्यातले धान्याचे भाव सांगायचे, मधेमधे गाणी लावायची. त्या वर्षी आमच्या साहेबांच्या मनात आलं की नाताळाच्या आधीचे दहा दिवस रोज सकाळी वीस मिनिटं नाताळाचा कार्यक्रम करू. गाणी, थोडी गोष्ट आणि श्रोत्यांचे फोन. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं सासर ख्रिस्ती. "तुमच्या घरचाच सण हाय की," साहेब म्हणाले. घरचा म्हणे! त्या घरात मला तीनच वर्षं झाली होती. नाताळाला केकपेक्षा करंज्या जास्त होतात आणि भजन तबला-पेटीवर होतं, हेसुद्धा मला लग्नानंतर कळलं. पण नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही.

माझं माहेर वालूरचं. वडील लवकर गेले, आईनं दोन म्हशी आणि चार एकरांवर मला शिकवलं. तीन वर्षांपूर्वी मी कोर्टात लग्न केलं आणि ते झाल्यावर आईला फोन करून सांगितलं. जात, धर्म, पोरगा काय करतो, तिनं काही म्हणजे काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मला आधी सांगावं वाटलं न्हाई तुला?" आणि फोन ठेवला. ठेवला तो ठेवलाच. पहिल्यांदा मी दोन-चार वेळा करून बघितला, तिनं उचलला नाही. मग मीही तिचीच लेक, माझ्याही नाकावर राग. दिवस गेल्याचंसुद्धा मी तिला कळवलं नाही आणि गावातल्या कुणी सांगायचं नाही अशी सगळ्यांना तंबी दिली.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्यात आई येते, ओटी भरते, लेकीला घेऊन जाते. सासूबाई फार भल्या. त्या म्हणाल्या, "कशाला काळजी करतीस, मी आहे ना." त्या होत्याच. पण मला माझी आई पाहिजे होती. साधी गोष्ट आहे, त्यात लपवायचं काय? मला आई पाहिजे होती आणि मी ते कुणापाशी बोलत नव्हते.

आईचा रेडिओ गोठ्यात खुंटीला टांगलेला असायचा. म्हशी रेडिओ ऐकत पान्हा सोडतात असं तिचं म्हणणं. मी लहान होते तेव्हापासून धार काढायच्या वेळी तो चालू असे. त्यामुळं माइकसमोर बसले की रोज माझ्या मनात एकच यायचं. माझा आवाज आला की ती रेडिओ बंद करत असेल का? काचेच्या त्या गार खोलीत, कानाला हेडफोन लावून, मी अख्ख्या जिल्ह्याला सुप्रभात म्हणायची आणि डोळ्यांपुढं मात्र एक खुंटी दिसायची.

कार्यक्रमाचे पहिले पाच दिवस छान गेले. सहाव्या दिवशी मी जन्माची गोष्ट सांगितली. धर्मशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळ गोठ्यात जन्मलं आणि आईनं त्याला गव्हाणीत निजवलं. झालं! गाणं लावेपर्यंत फोन वाजला. चारठाण्याचे एक आजोबा होते.

"मॅडम, लेकराला गव्हाणीत कामून ठेवलं? बाज नव्हती का?"

"नव्हती ना आजोबा. गोठाच होता तो."

"मग जनावरं कुठं बांधली?"

"तिथंच होती."

"गव्हाणीत लेकरू, मग जनावरं खातील काय?"

काचेपलीकडं आमचे तंत्रज्ञ बसायचे. निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते हसून लाल झाले होते. माझ्या हेडफोनमध्ये हळूच म्हणाले, "अब बोलो बेटा, भैंसां क्या खायेंगे?" मी गडबडले आणि काहीतरी सावरायचं म्हणून म्हणाले, "काळजी करू नका, आईनं गव्हाणीत मऊमऊ कडबा अंथरला होता."

मऊ कडबा! ज्वारीची वाळलेली धाटं ती, हाताला कापतात. शेतकऱ्याच्या पोरीनं हे बोलावं? आणि तेही रोज शेतीचा सल्ला वाचणाऱ्या बाईनं! दुसऱ्या दिवशी सकाळी फोनची घंटी थांबेना. कुणी म्हणे, मॅडम कोणत्या गावच्या हो तुमी? कुणी म्हणे, कडबा कुट्टी करून टाकला असंल. पाथरीच्या एका बाईंनी तर त्या बाळंतिणीलाच रागावून घेतलं. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. नाताळ कधी ऐकलाही नसेल अशी माणसं त्या लेकराची काळजी करत होती, जसं काही ते काल रात्री शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर जन्मलं होतं.

गाण्याच्या आधी शेवटचा एक फोन घ्यायचा होता. चाचांनी काचेतून बोट वर केलं. फोन जोडला तर सगळा घुमारा. बोलणाऱ्याच्या जवळ रेडिओ चालू असला की असं होतं. माझाच आवाज कुठून तरी फिरून, उशिरानं माझ्या कानात येत होता आणि त्याच्यामागं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"रेडिओ जरा बारीक करा," मी म्हणाले. "कोण बोलतंय?"

"वालूरवरून बोलायलेय. नाव नको."

तो आवाज ओळखायला मला नाव लागणार नव्हतं. चाचांना काही माहीत नव्हतं, त्यांनी नेहमीसारखी बोला म्हणून खूण केली.

"मॅडम, काल तुमी कडबा म्हणलाव."

"हो. चुकलं माझं."

"कडब्यानं लेकराचं अंग सोलून निघंल. मुगाचं भुसकट घालायचं, हातानं काड्या येचून. त्याच्यावर जुन्या लुगड्याची वाकळ. नवं कापड न्हाई घालायचं, नवं टोचतंय."

"बरं."

"अजून एक विचारू का?"

"विचारा ना."

"तुमाला दम लागायलाय. आधी भाव एका दमात वाचायच्याव. आता दोन ओळींमधी थांबायलाव. कितवा हाय?"

असले प्रश्न रेडिओवर चालत नाहीत. चाचांचा हात आवाज बंद करायच्या खटक्यावर गेला. मी जोरजोरात मान हलवली, नको, नको. त्यांनी हात मागं घेतला. तीन वर्षं ती रोज ऐकत होती. ओळी मोजत होती, बाई! आणि मी समजत होते की तिनं मला बंद केलं.

"सातवा," मी म्हणाले. अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलं असणार.

"पहिलटकरीण?"

"हो."

"मग माहेरी कामून न्हाई गेलाव?"

मी समोरचा कागद बाजूला सारला. मग माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली. "तिकडून बोलावणं आलं न्हाई."

पलीकडं नुसती घंटा वाजत होती. मला वाटलं, ठेवणार ती. पुन्हा ठेवणार.

"नाताळ होऊन जाऊ द्या," ती म्हणाली. "सासूबाईचा सण हाय, त्यो मोडू नका. दुसऱ्या दिशी तुमची माय येईल न्यायला. तयार ऱ्हावा."

चाचांनी माझ्या घोषणेची वाट न बघता गाणं सुरू केलं. माइकवरचा लाल दिवा विझला. फोन मात्र त्यांनी तोडला नाही, तो माझ्या हेडफोनमध्ये तसाच चालू ठेवला आणि स्वतः खुर्ची वळवून भिंतीकडं तोंड करून बसले. आता ऐकणारं कुणी नव्हतं, आम्ही दोघीच. बोलायला पाहिजे होतं, निदान आई म्हणायला तरी. पण मला हुंदका आवरेना. तिकडं तिच्या गोठ्यात तेच गाणं चालू होतं, माझ्यापेक्षा जरासं मागं.

"रडू नको माय," ती म्हणाली. "डोळे पूस. तुझं गाणं संपायलंय."