लक्ष्मणमामांच्या डोहाचं पाणी

सहा आठवडे झाले. भर वैशाखात सकाळी मटकी निवडत बसले होते, तेवढ्यात लक्ष्मणमामांच्या बायकोचा, कौसाबाईंचा फोन आला. "ताई, तुमचे मामा गेले वो…" मी नुसतंच "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि ताटातली मटकी तशीच डब्यात ओतली. निवडलेली, न निवडलेली सगळी एकच करून टाकली.

लक्ष्मणमामा नात्यानं कोणी नव्हते, मासे धरणारे भोई. इस्लापूरजवळ पैनगंगेवर त्यांची होडी असायची. मी तेव्हा नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि धरणाखालच्या नदीतल्या माशांची पाहणी माझ्याकडे आली होती. जाळं टाकायच्या आधी मामा नदीचं पाणी तोंडात घ्यायचे, गालात घोळवायचे आणि चूळ टाकून सांगायचे, "आज वाम घावती बघा." नाहीतर, "आज घरी चला." मी चिडवायचे, "मामा, पाणी चाखता की चहा?" ते म्हणायचे, "तुमच्या थर्मासातल्या चहापरीस पानी बरं, ताई." आणि स्वतःच खो खो हसायचे.

त्या वर्षी मात्र हसणं कमी झालं. वरच्या धरणाच्या तळाच्या दारातून उन्हाळाभर पाणी सुटत होतं, मृग लागला तरी सुटत होतं. "लई गार पानी येऊन राहिलं. ह्या पान्यात वाम अंडी टाकायची न्हाई," मामा म्हणाले. अर्धा पावसाळा सरल्यावर त्यांनी एक वाम चिरून दाखवली. अंड्यांची गाभोळी पोटात तशीच, घट्ट झालेली. ती तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ उभे होते. "बाळंतपन अडलंय हिचं… ताई, तुमी लिवा. पानी वरच्या दारानं सोडा म्हनावं. तुमचं ऐकतेत ते धरनाचे सायेब."

आणि मी काय केलं? मला पाण्याची भीती. शेवाळलेल्या दगडांवरून डोहात उतरायची माझी छाती नव्हती. मग मामाच बादली भरून आणायचे. मी खडकावर बसून आधी माशांची नावं लिहायचे, नग मोजायचे, आणि सगळं झालं की उन्हातल्या त्या बादलीत थर्मामीटर बुडवायचे! "बादलीत गारठा मोडतो, ताई. डोहात चला, मी धरतो की हात," मामा म्हणाले होते. मी म्हटलं, "मामा, थर्मामीटर खोटं बोलत नाही." केवढी मिजास होती माझी! अहवालात लिहिलं, पाण्याच्या तापमानात विशेष फरक आढळला नाही. खाली सही ठोकली. दारं होती तशीच राहिली.

पुढच्या काही वर्षांत वाम गेली, शिंगाडा मासा गेला. जाळ्यात नुसती बाहेरून आलेली तिलापी यायला लागली. मामांनी होडी विकली आणि नांदेडात एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन झाले. निळा शर्ट, शिट्टी. एकदा गेटवर भेटले तेव्हा खुर्ची मला देऊन स्वतः उभे राहिले. नदीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्यानं दोरीला तापमान मोजायचं यंत्र बांधून डोहात सोडलं. आकडे झरझर खाली उतरत गेले. मामांना जाऊन सांगायला हवं होतं. मामांचं घर माझ्यापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. जाऊ दिवाळीनंतर, जाऊ संक्रांतीनंतर… लाज वाटत होती, दुसरं काय!

मामा गेल्यावर तिसऱ्या दिवशी कौसाबाईंबरोबर अस्थी घेऊन पैनगंगेवर, त्याच डोहावर गेले. वरच्या धरणातून तळाचं पाणी सुटलेलंच होतं. तिथं एकदाचं तोंड उघडलं. "मामा खरं बोलत होते. मी चुकीचं लिहिलं."

"त्यांना ठावं होतं की," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, ताईला कळंल एक दिवस, मग येतील सांगाया. लई वाट बघितली वो तुमची."

त्या अस्थींचं मडकं घेऊन घोटाभर पाण्यात उतरल्या आणि तशाच मागं फिरल्या.

"शेवटी शेवटी त्यांना गारठा सोसत न्हवता," मडकं पदराखाली घेत त्या म्हणाल्या. "बसू जरा. ऊन वर येऊ द्या."

आम्ही खडकावर बसलो. कौसाबाई मधूनच उठायच्या, पाण्यात हात घालून बघायच्या आणि परत येऊन बसायच्या. दुपार झाली. पाणी काही तापलं नाही.