पेवाला इंग्रजीत काय म्हणतात

त्या वर्षी मी सांगलीत एम.फिल. करत होते आणि दिवसातला बराच वेळ जमिनीखाली काय चाललं असेल याचा विचार करत होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूळची कोरेगावची, वडील रेल्वेत गँगमन. सांगलीला कॉलेजच्या वसतिगृहात राहायचे आणि महिन्यातून एकदा पॅसेंजरनं घरी जायचे.

हरिपूरला, नदीकाठच्या त्या गावात, तेव्हा हळद पेवांत साठवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड इतकं अरुंद की एक माणूस कसाबसा आत सरकेल, आणि खाली पोटात अख्खी खोली मावेल एवढी जागा. हळद भरली की तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. वरून चालणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही की आपल्या पायाखाली काही आहे. आत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि तिला कीड लागायची नाही. का लागायची नाही, हा माझा विषय.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “पेवात हळद टिकते हे सगळ्या सांगलीला ठाऊक आहे. का टिकते यावर आधी कुणी काय लिहिलंय ते घेऊन या, मग बोलू.”

मी ग्रंथालयातले कार्डांचे खण उपसले. हळदीच्या लागवडीवर होतं, करप्यावर होतं. पेवांवर एक अक्षर नव्हतं. सगळ्या गावानं रोज पाहिलेली गोष्ट कुणीच लिहून ठेवली नव्हती.

त्याच उन्हाळ्यात ग्रंथालयात इंटरनेट आलं. वाचनकक्षाच्या टोकाला, प्लायवुडच्या आडोशामागे, एका टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड घातलेलं असायचं. ते कापड आमच्या ग्रंथपाल मॅडमनी घरून आणलं होतं. मॅडम मिरजेच्या, पन्नाशीच्या, मुसलमान घरातल्या. बोलायच्या हळू, जणू समोरचं पुस्तक जागं होईल. प्रत्येकाला अर्धा तास मिळायचा, वहीत सही करून. टेलिफोनची लाईन एकच होती. ऑफिसात कुणी रिसीव्हर उचलला की आमचं सगळं तुटायचं आणि मॅडम उठून शांतपणे ऑफिसकडे चालू लागायच्या.

दुपारी तीनची वेळ मला मिळाली होती. बाहेर उन्हानं रस्ता पांढरा पडलेला असायचा, आत पंखा फिरायचा. मोडेम खरखरायचा, शीळ घालायचा, मग एकदम गप्प व्हायचा. त्या शांततेनंतर पडद्यावर कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं पान उतरू लागायचं, वरून खाली, एकेक ओळ. मी हनुवटी हातावर टेकून बघत राहायचे. अर्धी जाग, अर्धी गुंगी. वाटायचं, आपण त्या ग्रंथालयाच्या दारात उभ्या आहोत आणि आतून कुणीतरी एकेक दिवा लावत येतंय.

पहिल्या दिवशी मी रोमन लिपीत ‘पेव’ टाइप केलं. भलतंच काही आलं. मग ‘हळद’ आणि ‘खड्डा’ इंग्रजीत टाकलं. काहीच आलं नाही. असे चार-पाच दिवस गेले. शेवटी मॅडम माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

“काय शोधतेस बाळ?”

“पेव. पण पेवाला इंग्रजीत काय म्हणतात तेच कळत नाही.”

“त्यांच्याकडे पेव नसेल तर शब्दही नसेल,” त्या म्हणाल्या. “पण पोटासाठी धान्य तर सगळेच साठवतात. तू धान्य टाक. आणि जमिनीखाली, असं टाक.”

मी टाकलं. पान उतरायला लागलं आणि थांबेचना. जगभर माणसांनी जमिनीत खड्डे खणून धान्य पुरलं होतं. आफ्रिकेत, वाळवंटात, थंड देशांतल्या टेकड्यांत. मी कुणाच्या तरी परसात शिरल्यासारखी एकामागून एक नावं वाचत गेले. त्यातला एक लेख हजारो वर्षांपूर्वीच्या खड्ड्यांवर होता. एका थंड देशातल्या प्राध्यापक बाईंनी तसेच खड्डे पुन्हा खणून, त्यात गहू भरून, आतल्या हवेचं काय होतं ते मोजलं होतं. लेखाचा सारांश तेवढा दिसत होता. पुढचं पान उघडेना. खाली त्यांचा ईमेलचा पत्ता मात्र होता.

“लिही त्यांना,” मॅडम म्हणाल्या.

“मी? त्यांना?”

“मग कोण लिहिणार? पेव तुझ्याकडे आहे.”

ते पत्र लिहायला मला तीन दुपारी लागल्या. कॉलेजचा ईमेल पत्ता एकच, सगळ्यांचा मिळून. त्यावरून ते गेलं. पंधरा दिवसांनी मॅडमनी मला जिन्यात गाठलं आणि दोन्ही कडांना भोकं असलेला प्रिंटरचा लांब कागद हातात दिला. उत्तर आलं होतं.

त्या बाईंनी लिहिलं होतं की लेख टपालानं पाठवत आहेत. पुढं लिहिलं होतं की आमच्याकडे हे खड्डे वापरणारं शेवटचं माणूस जाऊन दोन हजार वर्षं झाली, तुमच्याकडे अजून माणसं आत उतरतात हे वाचून मी खुर्चीतून उठून खोलीत फिरत राहिले. मग त्यांचे प्रश्न होते. पेव उघडल्यावर हवा चांगली आहे हे कसं ओळखतात? आत काय वास येतो? उतरणाऱ्याला काय जाणवतं?

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. पेवांवर एम.फिल. करत होते, आणि पेवात उतरणाऱ्या एकाही माणसाशी बोलले नव्हते.

हरिपूरला मला एक म्हातारे भेटले. साठी उलटलेली, अंगानं काटक, नखांत हळदीचा पिवळा रंग कायमचा बसलेला. आयुष्यभर त्यांनी पेवांत उतरायचं काम केलं होतं. लिंबाखाली बसले होते. मी सांगितलं, कॉलेजातून आलेय. त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. ऐकून जरा ताठ बसले आणि म्हणाले, “जय भीम.” मीही म्हटलं. मग त्यांनी पोत्याची घडी माझ्याकडं सरकवली.

“मामा, पेव उघडल्यावर हवा बरी हाय का न्हाई, कसं कळतं?” घरची बोली माझ्या तोंडी आपसूक आली.

“कंदील सोडायचा दोरीनं. इझला तर माघारी. दिसभर उगडं ठेवायचं.”

“आनि वास?”

त्यांनी नदीकडे बघितलं. “वास लय ग्वाड येतो गं. पयला वास. त्यो घ्यायचा न्हाई. मानूस वाकून बगतं, आनि त्येला वाटतं, आजून जरा घ्यावा.”

“घेतला तर काय हुतं?”

“झोप येती. मी घेतलाय ना. एकडाव घाईनं उतरलो. खाली पाय टेकलं आनि असं वाटलं बग, का कुनीतरी डोक्यावरनं हात फिरवतंय. आई हुती का काय कुनास ठाऊक. समदं पिवळं पिवळं, ऊबदार. काय दुखत न्हाई, कशाची भीती न्हाई. बसावं वाटलं, म्हनून बसलो. वरनं लोकं दोरी वढत हुती आनि मला त्येंचा राग येत हुता, का वढत्यात म्हनून.”

“मग?”

“मग वर आलो, आनि डोकं असं फुटाय लागलं! जगायलाच लय दुखतं बग.” ते हसले.

परतताना बसमध्ये मी ते सगळं वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी इंग्रजीत लिहायला बसले तर ‘ग्वाड’पाशीच अडले. मॅडम शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. मोहरमचे दिवस होते, त्यांचा रोजा होता. मला चहा मागवला आणि स्वतः नुसत्या बसून राहिल्या. वही वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढून डोळे पुसले.

“यात तुझं काही घालू नकोस,” त्या म्हणाल्या. “ते जसं बोलले तसंच लिही. इंग्रजी वाकडं झालं तरी चालेल.”

तसंच लिहिलं. उत्तर लवकर आलं. बाईंनी लिहिलं होतं की या विषारी हवेवर मी आयुष्यभर वाचत आले, पण ती हवा माणसाला बरी वाटते हे कुठंही लिहिलेलं नाही. त्यांना हे नव्या लेखात वापरायचं होतं, त्या गृहस्थांच्या नावासह. त्यांची परवानगी मिळेल का?

मी पुन्हा हरिपूरला गेले. मामांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विडी विझवली.

“माजं नाव नगं,” ते म्हणाले. “माज्या भावाचं घालाय सांग.”

“भाऊ पण ह्याच कामात?”

“हुता. त्या दिवशी त्योच आदी उतरला हुता. त्येला आनाय मी घाईनं गेलो. त्यो माज्या म्होरंच बसला हुता, भिंतीला टेकून. मी हाक मारली न्हाई गं. मला वाटलं, झोपलाय, झोपू दे. दोरी माज्या कमरंला हुती, मी वर आलो. त्यो न्हाई आला.”

नदीवरून वारा येत होता. लिंबाची वाळकी पानं आमच्या दोघांच्या मधून घरंगळत गेली. मी वही उघडलीच नाही. त्यांनी भावाचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि मी ते लक्षात ठेवत वसतिगृहापर्यंत आले. बसमध्ये मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, सांडू नये म्हणून.

माझा प्रबंध त्या पावसाळ्यात सादर झाला. सरांनी दोन प्रकरणं बदलायला लावली, बाकी ठीक म्हणाले. मी त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवू लागले. पुढच्या हिवाळ्यात बाईंचा ईमेल आला: लेख छापून झाला आहे, आमच्या ग्रंथालयानं तो आपल्या वेबसाइटवरही ठेवला आहे, तुम्हाला तिथं पूर्ण वाचता येईल.

मी मामांना निरोप पाठवला. ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून, सिटी बसनं, सांगितल्या वेळेच्या तासभर आधी आले. ग्रंथालयाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, “आवं, राहू द्या पायात.” त्यांनी मान हलवली आणि अनवाणीच आत आले. मॅडमनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. मग त्या ऑफिसात गेल्या आणि क्लार्कला सांगून आल्या की आपण परत येईपर्यंत फोनला हात लावायचा नाही.

मोडेम खरखरला. मामा दचकले, मग कान देऊन ऐकू लागले. पान उतरायला लागलं. शीर्षक, मग मजकूर, मग एक आलेख अर्धाच येऊन थांबला. आभार सगळ्यात शेवटी होते. आम्ही तिघं त्या काचेकडे बघत बसलो. मध्येच लाईन तुटली. मॅडम उठल्या, गेल्या, आल्या. पुन्हा पहिल्यापासून. खिडकीतून ऊन सरकत टेबलावर आलं, तिथून मामांच्या हातावर. मला वाटलं, ही दुपार अशीच राहिली तरी चालेल, पान कधी पूर्ण उतरलं नाही तरी.

पण ते उतरलं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की पेवातल्या हवेचा हा अनुभव ज्यांच्या भावानं सांगितला, त्यांच्या स्मृतीला हा लेख अर्पण. पुढं नाव. त्यात एक अक्षर कमी पडलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं, बरोबर करून.

“कुठशी हाय?” मामांनी विचारलं.

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून आपलं ठेवलं. काच जरा कोमट होती. बोट हलकंच त्या ओळीवरून नेलं, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि तिथंच ठेवलं.

“हे ह्या पेटीत हाय का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “ते लांब, त्यांच्या देशात आहे. इथून आपल्याला नुसतं दिसतं.”

“म्हंजे आमी उटून गेलो तरी ऱ्हातं?”

“राहतं.”

“आनि कुनालाबी दिसतं? हरिपूरचं नसलं तरी?”

“जो शोधेल त्याला दिसेल.”

त्यांनी मान डोलावली. टोपी काढून मांडीवर ठेवली. रडले नाहीत. म्हणाले, “त्येला कुनी येवढं शोधलं नव्हतं,” आणि उठले.

मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला गेले. बस आली, ते खिडकीशी बसले आणि मला हातानं जवळ बोलावलं.

“तुजं शिक्शान आजून किती ऱ्हायलंय?”

“पीएच.डी. करायची म्हणतेय, मामा.”

“कर,” ते म्हणाले. “आनि पेवावरच कर. मला इचाराय येत जा. मी हाय.”

बस वळली. मी उन्हात उभी राहिले, आणि मग वर ग्रंथालयात गेले, मॅडमना पुढचा अर्धा तास मागायला.