डीथ म्हणा

आमच्या गावात कोणी नवीन राहायला आलं, की एखाद्या सकाळी ते दारात उभं राहून हसू दाबताना दिसायचं. समोर दुधाची गाडी उभी असायची आणि तिच्या बाजूला निळ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं, ‘सी. डेथ, दूधवाले’. सी म्हणजे क्लेमेंट. डेथ म्हणजे, हो, तेच. मरण. स्पेलिंगही तेच, एका अक्षराचा फरक नाही.

उच्चार मात्र वेगळा. इंग्लंडच्या आमच्या सफक परगण्यात त्या नावाला डीथ म्हणतात. गावातल्या लहान पोरालाही ते ठाऊक असतं. बाहेरच्यांना ठाऊक नसतं. त्यामुळे क्लेम आणि त्याची बायको मेव्हिस यांचं निम्मं आयुष्य लोकांना सुधारण्यात गेलं. बँकेत, पोस्टात, दातांच्या डॉक्टरकडे, समोरच्याने तोंड उघडायचा अवकाश, की दोघांपैकी एक जण म्हणायचं, “डीथ. डीथ म्हणा.” रागाने नाही. अंगावर बसलेली माशी आपण हाकलतो, तितक्या सहज.

हे नाव आलं कुठून, यावर गावात एकमत नव्हतं. पाद्री म्हणायचे, की मूळ पुरुष समुद्रापलीकडच्या आथ नावाच्या गावातला. आथचा म्हणून डे-आथ. क्लेमची आत्या सांगायची, की पूर्वी सणाच्या दिवशी चर्चच्या अंगणात सोंगं निघत, त्यात डेथांच्या कोणा पणजोबाने मरणाचं सोंग असं काही वठवलं, की ते जन्माचं चिकटलं. आणखी एक मत असं, की हे नाव मुळात सरपणाच्या काटक्याकुटक्या विकणाऱ्यांचं. त्यांना जुन्या बोलीत असाच काहीसा शब्द होता म्हणे. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण यातलं खरं कुठलं ते मला सांगता येणार नाही. आमचा भाग आणि शेजारचं एसेक्स सोडलं, तर हे नाव फारसं कुठे ऐकूही येत नाही. चर्चमागे मात्र डेथ मंडळी ओळीने झोपलेली आहेत. एका पाहुण्याने ते दगड बघून मला विचारलं होतं, “इथे पुरलेल्या माणसाला मरण आलंय हे इतकं ठळक लिहायची काय गरज?”

क्लेमचा धाकटा भाऊ लंडनला गेला आणि त्याने नावाच्या मधोमध वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखं एक लोंबतं चिन्ह घालून घेतलं, म्हणजे नाव फ्रेंच वाटतं. क्लेम म्हणाला, “बघा बाई, माशीने एवढीशी घाण केली आणि आमचा बर्टी सरदार झाला.” निवृत्त झाले तरी सगळं गाव मला बाईच म्हणतं.

त्या फेब्रुवारीत मेव्हिस मागच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. हाड डॉक्टरांनी बसवलं, पण पडून राहून छाती भरली. क्लेम रोज बसने जिल्ह्याच्या इस्पितळात जायचा. दुधाचा धंदा त्याने आधीच विकला होता, मूलबाळ नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की मेव्हिसला घरी आणायचं. घरी आली की ती बरी होणार. त्याने पलंग एकट्याने सोडवून माडीवरून खाली आणला आणि पुढच्या खोलीत मांडला. डॉक्टर म्हणाले होते, छाती मोकळी झाली आणि ती नीट खायला लागली, तर शुक्रवारी सोडू. त्या ‘तर’कडे क्लेमने कानाडोळा केला. शुक्रवार तेवढा धरून ठेवला.

सोमवारी मी त्याच्याबरोबर गेले होते. त्याने अंड्याचं कस्टर्ड करून नेलं होतं. मेव्हिस उशीत रुतली होती, आणि तिचा चेहरा इतका लहान झाला होता, की मी आधी शेजारच्या खाटेकडेच वळले.

“एक चमचा,” क्लेम म्हणाला.

“माझ्या मागे लागू नकोस रे.”

“तू खा, म्हणजे लागत नाही.”

तिने चमच्याकडे पाहिलं. “तुझ्या आईच्यासारखंच केलंयस. खाली पाणी सुटलंय.”

“पाणी तेवढं पी मग.”

ती हसली, आणि हसण्याने खोकला आला, तो थांबेना. कस्टर्ड तसंच राहिलं. बाहेरच्या बोळात क्लेमने वॉर्डच्या मुख्य नर्सला गाठलं. “चार घास खाल्ले तर सोडाल ना? चार तर ती खाईल. दोन तर आजच खाल्ले असते.” ती बाई भली होती. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, पण हो म्हणाली नाही. परतताना बसमध्ये तो मला म्हणाला, “नावं ठेवायला लागली, म्हणजे सुधारतेय.” मी मान हलवली. तो माझ्याकडे बघत नव्हता.

बुधवारी सकाळी धुकं होतं आणि बस आलीच नाही. क्लेम माझ्या दारात आला. हातात कस्टर्डचा झाकलेला वाडगा, बगलेत इस्त्री केलेला रात्रीचा झगा.

“बाई, गाडी काढता का? आज तिला बरं आहे.”

कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग होता. मी कोट चढवला. गावाबाहेर पडलो, तेव्हा विचारलं, बरं आहे हे कळलं कसं?

“वॉर्डातून फोन आला ना. कोणी नवीन पोरगी होती, आवाज बारीक. माझा हा कान तर तुम्हांला माहीतच आहे. म्हणाली, मिस्टर डेथ का? म्हटलं, डीथ. मग म्हणाली, फार वाईट वाटतंय. म्हटलं, वाईट नको वाटून घेऊ पोरी, सगळेच चुकतात. मग म्हणाली, डेथ अगदी शांत होती, त्रास झाला नाही. परत डेथ! म्हटलं, डीथ म्हण गं. आणि शांत होती हे बरं सांगितलंस, सोमवारचा खोकला फार वाईट होता. मग म्हणाली, तुम्ही येताय ना? म्हटलं, येतोय तर, कस्टर्ड घेऊन.”

माझे हात स्टिअरिंगवर होते, पण रस्ता मला दिसत नव्हता. आयुष्यभर मी मुलांना शब्द नीट ऐकायला शिकवलं. या शब्दाचा अर्थ मात्र माझ्याने सांगवेना. शेवटी एवढंच विचारलं, “क्लेम, ती ‘मिसेस डेथ’ म्हणाली, की नुसतं ‘डेथ’?”

“नुसतं. तिथे नुसत्या आडनावानेच बोलतात. खाटेवरच्या पाटीवर बघून...” तो थांबला. “डेथ शांत होती,” तो हळू म्हणाला. मग पुन्हा, ओठांतल्या ओठांत. त्या घरात जन्मल्यापासून त्याने त्या शब्दाचा मरण हा खरा अर्थ कधी ऐकूनच घेतला नव्हता.

मी गाडी एका शेताच्या फाटकापाशी उभी केली.

“मी तिला उच्चार शिकवत बसलो,” क्लेम म्हणाला.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. वाडगा अजून कोमट होता.

“थांबलात कशाला, बाई? चला. एकटी आहे ती तिथे.”

वॉर्डाच्या दाराशीच ती पोरगी उभी होती. विशीतली असेल, डोळे सुजलेले. “मिस्टर डीथ,” ती अगदी जपून म्हणाली, “माझं चुकलं, मला नीट...”

“नाही पोरी,” क्लेम म्हणाला. “तू बरोबर म्हणाली होतीस.”

त्याने झगा तिच्या हातात दिला आणि तो मेव्हिसला घालायला सांगितला. मग मुख्य नर्सकडे वळून म्हणाला, “तुम्ही शुक्रवारी सोडणार होतात. मला शुक्रवारीच घरी न्यायचीय.”

अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने समजावलं, की हल्ली पुरेपर्यंत मृतदेह त्याच्याकडेच ठेवतात, तिथे खोली आहे, फुलं असतात. क्लेमने ऐकून घेतलं आणि तो पुन्हा “शुक्रवार” एवढंच म्हणाला.

शुक्रवारी मेव्हिसला आणलं आणि पुढच्या खोलीत, त्याच पलंगावर ठेवलं. आमच्याकडे मयत झालेल्या घराचे पडदे ओढून घेतात. शेजारीण ओढायला गेली, तर क्लेम म्हणाला, “राहू द्या. रस्त्यावरून कोण कोणाबरोबर जातंय हे बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.” शेजारीण स्वयंपाकघरात जाऊन रडली. रस्त्याने जाणारे खिडकीपाशी टोपी काढत होते, आणि कोण काढतंय हे क्लेम तिला सांगत होता. “हा आपल्या गल्लीतल्या पेटचा मोठा मुलगा गं. केस कापलेत त्याने.”

संध्याकाळी सगळे गेले. मी चहा केला, त्याने घेतला नाही. पलंगाची चादर एका कोपऱ्यात वर आली होती, ती त्याने खोचली, मग पुन्हा सोडवून नीट खोचली. करायला दुसरं काहीच राहिलं नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “आणली मी तिला घरी. आता काय करू?”