गेलेल्या माणसाचं रक्त चालतं का?

गेल्या महिन्यातला बुधवार. माझी धाकटी बहीण शांती रत्नागिरीच्या इस्पितळात पांढरीफटक पडली होती. बाळंतपणानंतर रक्त जायचं थांबलं, पण तोवर अंगात फारसं उरलंच नव्हतं... पावस गावाहून डोलीत, मग भाट्याच्या खाडीवरच्या तरीतून आणता आणता तिचे ओठ कागदासारखे झाले.

डॉक्टर तरुण, नुकतेच मुंबईहून शिकून आलेले. म्हणाले, "कोणाचं तरी रक्त काढून हिला घालावं लागेल. तेही दुपारच्या आत. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

असलं काही आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात एकच गलका झाला...

"जात एकच लागते का हो?" सोबत आलेल्या शेजारच्या काकूंनी विचारलं.

"जात नाही, गट जुळावा लागतो."

"मग माझं घ्या की," आई पुढे झाली. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. "आई, तुमचं तुम्हालाच पुरत नाहीये."

शांतीचे यजमान बाही सरसावून उभेच होते. पण मागच्या महिन्यात हिवताप येऊन गेलेला, म्हणून ते बाद. "अहो, मी आता ठणठणीत आहे!" "तुम्ही असाल. तुमचा हिवताप तिच्या अंगात जाईल त्याचं काय?"

माझं रक्त काचेवर शांतीच्या रक्तात मिसळलं, तर रव्यासारखे कण धरले. मीही बाद.

मग डॉक्टरांनी बाहेर पायरीवर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "ते कोण?"



तो माझा थोरला भाऊ. विसाव्या वर्षी बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि त्याचा पत्ताच लागला नाही. बारा वर्षं वाट पाहून आम्ही दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं उरकलं. अग्नी मी दिला.

त्यानंतर वर्षभराने एका संध्याकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला. अशा माणसाला घरात परत घ्यायचा विधी असतो, नव्याने बारसं करून नाव ठेवतात. भटजी तयार होते. आईच नको म्हणाली. "पिंडाला कावळा लगेच शिवला होता. म्हणजे माझा मुलगा सुखाने गेला. मग हा आला तो कोण?"

दीड वर्ष तो बागेतल्या मांगरात, अवजारं ठेवायच्या खोपीत, राहत होता. जेवण उंबऱ्यावर ठेवायचे, तो येऊन घेऊन जायचा. त्याला कोणी हाक मारत नव्हतं, शिवत नव्हतं... खरं सांगतो, मीही नाही. त्या दिवशीही डोलीच्या मागे अंतर ठेवून तो आपला आपण आला होता.

त्याचं रक्त काचेवर शांतीच्या रक्तात असं मिसळलं, की दोन थेंब होते हे कळेना.

"वय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पस्तीस," तो म्हणाला.

"विसाव्या वर्षी गेला तो," आई म्हणाली. "डॉक्टर, गेलेल्या माणसाचं रक्त नको हो. तो तिला बोलवायला आलाय."

"आई," भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "तू म्हणशील तो मी. भूत म्हणालीस तर भूत. पण शांतीला राहू दे."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांनी तोच होकार धरला.

दोन खाटा शेजारी शेजारी लावल्या. सिरिंज भरायची, तिला द्यायची, पुन्हा भरायची. खोलीत काचेच्या किणकिणीखेरीज आवाज नव्हता. भाऊ आढ्याकडे बघत निश्चल पडला होता. छाती हलते की नाही, तेही दिसत नव्हतं... त्या घटकेला आईचंच खरं असेल असं मलाही वाटलं.

आणि एकाएकी शांती थरथरायला लागली. दात वाजू लागले, खाट हलू लागली, डोळे पांढरे झाले.

"नेतोय गो तिला!" आई किंचाळली. भावाला खाटेवरून ओढून काढायला तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं.

"रक्त घातल्यावर कधी कधी हुडहुडी भरते. थांबेल," डॉक्टर ओरडले. आई ऐकतच नव्हती. पण ती ओढायची थांबली होती. मनगट तसंच धरून, बोटं दाबून ती उभी राहिली. आम्ही सगळे शांतीकडे बघत होतो, ती मात्र आपल्या मुठीकडे.

"ऊन आहे रे," ती मला म्हणाली. "उडतंय बघ... आत."

घोंगड्या घातल्यावर शांतीची हुडहुडी हळूहळू गेली. दिवस कलताना तिने पाणी मागितलं. तोवर आईने ते मनगट सोडलं नव्हतं.

शांती आता घरी आहे, बाळही छान आहे. फक्त संध्याकाळी कधी कधी मला म्हणते, दादा, बोटीत असल्यासारखी जमीन हलते... भाट्याची खाडी सोडली तर ती कधी पाण्यावर गेलेली नाही. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा. असेल.

आता जो भेटतो तो विचारतो, रक्त कोणाचं चालतं? मी सांगतो. ताप नको, कावीळ नको, अंगात रक्त पुरेसं हवं, गट जुळायला हवा. आणि माणूस जिवंत हवा. यावर लोक हसतात... आम्हाला तेवढं कळायला दीड वर्ष लागलं.