वाळल्या गवतावरच्या शेळ्या

आमच्या शेळी फार्मवर दोन गोष्टी कधी संपत नाहीत. लेंड्या आणि किस्से! लेंड्या निदान कुणीतरी उचलून खतात टाकतं. किस्से मात्र तसेच साचत जातात. धुळ्याहून कुणी पाहुणा आला की स्टोअरमध्ये माझ्यासमोर खुर्ची ओढतो आणि म्हणतो, "भाऊ, सांगा एखादा." एखादा सांगून कधी भागलंय का?

तर आमच्याकडे पीएच.डी. करायला सारिका मॅडम आल्या. विषय होता रानमूग. बांधावर, पडीक जमिनीवर आपोआप उगवतो तो. कोरडवाहू भागातल्या शेळ्यांना त्यातून किती पोषण मिळतं, हे त्यांना बघायचं होतं. रानमूग कापून आणायचं काम जिजाअक्काकडे. मॅडमनी पहिल्याच दिवशी अक्काला बसवून नीट समजावलं, "अक्का, यात प्रोटीन भरपूर असतं. शेळीचं अंग भरतं."

अक्कानं मॅडमकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मॅडम म्हणजे अगदी काडी! दुसऱ्या दिवशी अक्काच्या डब्यात भाकरी आणि रानमुगाच्या कोवळ्या शेंगांची उसळ. डबा मॅडमपुढे सरकवून म्हणते, "बकरीनं अंग भरस, तं तुमनं काबर नही भराव? खा!"

मॅडमनी खाल्लं. तिखटानं नाक लाल झालं, पण डबा चाटूनपुसून साफ.

*

लॅबला पाठवायचे नमुने मॅडमनी गच्चीवर वाळत घातले होते. एका जुन्या साडीवर रानमूग, गोकर्ण, बाभळीच्या शेंगा, सगळ्यांचे वेगवेगळे ढीग, प्रत्येकावर चिठ्ठी. जेवून वर जाऊन बघतात तर एक शेळी जिना चढून आलेली! रानमूग सफाचट, वरची चिठ्ठीसुद्धा. बाभळीच्या शेंगांना सुरुवात झालेली.

मॅडम रडकुंडीला आल्या. शेळ्या सांभाळणारे आमचे नाना धावत वर आले, शेळीचा कान धरला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, लॅबचा रिपोर्ट महिन्यानं आला असता. हिनं लगेच दिला!"

*

एरंडोलकडच्या एका गावात मीटिंग होती. मॅडम सांगत होत्या, सरकीची ढेप महाग झालीय, बांधावरचा रानमूग जपा. पुढच्या रांगेतले एक भाऊ जोरजोरात मान हलवत होते. मागून त्यांची बायको उठली.

"मॅडम, हाऊ त्याले तन म्हनीसन फवारस, आन माले इचारस, बकरी दूध काबर देत नही!"

बायका अशा हसल्या की सभा पाच मिनिटं थांबली. भाऊंची मान नंतर हललीच नाही.

*

शेळ्यांचं वजन सकाळी चारा टाकायच्या आधी करायचं, असा मॅडमचा नियम. नानांना तो बिलकुल पटत नसे. शेळीला काट्यावर चढवताना पुटपुटायचे, "उपाशीपोटी तोलतात का कुणाला? आमच्याकडे तर पाहुण्याला आधी चहा देतात!"

*

आता मुख्य प्रयोग. शेळ्यांचे दोन गट. एकाला वाळलं गवत आणि वर रानमूग. दुसऱ्याला नुसतं वाळलं गवत. पहिला गट वजनात पुढे गेला की रानमुगाचा फायदा सिद्ध. मॅडमची सगळी पीएच.डी. या फरकावर उभी. शेवटच्या वजनाला त्यांचे गाईड आले. सर कडक माणूस. फार्मवर कुणी त्यांना हसताना पाहिलेलं नाही.

वजनं झाली. दोन्ही गट सारखे! नुसत्या गवतावरच्या शेळ्या उलट काकणभर जास्तच भरल्या.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे रानमुगाचा काही उपयोग नाही. असंच लिहायचं ना?"

मॅडमचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात नानांनी हात वर केला. "सर, तसं नका लिहू. त्या दुसऱ्या गटाला मी रानमूग टाकायचो, जाता-येता. शेजारच्या खातात आणि ह्या जाळीला तोंड लावून बघत बसतात. बघवायचं नाही."

अक्काचा हात वर. "मी बी टाकं, सर. मना जीव नही मानना."

मग फार्मच्या ड्रायव्हरचा. मग माझाही, आता खोटं कशाला बोला!

सर भडकले. "या पोरीचं अख्खं वर्ष घालवलंत तुम्ही! शेळ्यांची दया आली, हिची नाही आली? निदान हिचा तरी विचार करायचा!"

खरंच होतं ते. आम्ही माना खाली घातल्या. अक्का पदरानं डोळे पुसायला लागली.

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या. बघतो तर त्यांचाही हात वर. "मी पण. संध्याकाळी, सगळे गेल्यावर."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करायचं. सगळं पहिल्यापासून. मुदतवाढीला माझी सही मिळेल."

एवढं बोलून निघाले. जाळीपाशी एका शेळीनं त्यांच्या शर्टाची बाही तोंडात धरली. सर थांबले. बाही सोडवून घेतली नाही.

"हिचं नाव काय?"

मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "नंबर अकरा, सर."

"नंबर नाही विचारला."