दाजींचे पावणे

बारा नोव्हेंबर. दुपारभर मी दाजींच्या गच्चीवर बसून वाळत घातलेल्या गवतातली कुसळं वेचत होते. कुसळ सशाच्या डोळ्यात गेलं की दवाखाना, आणि दवाखाना म्हणजे खर्च, म्हणून हे काम. माझं मिरची कांडपाचं दुकान आहे. उन्हाळ्यात मला पाणी प्यायला फुरसत नसते, पण दिवाळी सरली की गिऱ्हाईक पांगतं आणि मग असली बिनपगारी कामं अंगावर येतात. वेचता वेचता मनात आलं, या माणसाबद्दल एकदा लिहिलं पाहिजे. कारण सबंध कोल्हापुरात स्वतःवर इतका कमी खर्च करणारा माणूस दुसरा नाही, आणि पाहुण्यावर इतका जास्त करणाराही नाही; आणि हे दोघेही एकाच खाकी शर्टात राहतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी आयुष्य घालवलं, आणि तिथून निवृत्त होताना मिळालेले खाकी शर्ट अजून संपलेले नाहीत. कॉलर विरली की ती उसवून उलटी लावायची, तीही विरली की कॉलर काढून टाकायची, म्हणजे शर्ट उन्हाळ्याचा होतो. दाढीचं ब्लेड काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून ते इतके दिवस चालवतात, की शेवटी गाल ब्लेडला घाबरतो का ब्लेड गालाला, ते सांगता येत नाही. टूथपेस्टची ट्यूब आधी दाबून, मग लाटण्याने लाटून आणि शेवटी कात्रीने उभी चिरून संपते. चपलेला तळ तिसऱ्यांदा लावून घेताना चांभार म्हणाला, "मामा, आता चप्पल माझी झाली, तुमचा निस्ता अंगठा हाय." दाजी म्हणाले, "मग अंगठ्याचं भाडं काप आन् बाकीचं सांग." आणि खरंच घासाघीस करून आले.

हाच माणूस, दारात कुणी परकं उभं राहिलं की पार बदलतो. पत्ता चुकलेला कुरिअरवाला असो की वर्गणीवाला, "या पावणं, बसा" म्हणायचं, सतरंजी झटकायची आणि मागच्या दाराने पिशवी घेऊन बाजाराला सटकायचं. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या पोराला त्यांनी बसवून मटण आणि पांढरा रस्सा खायला घातला. पोरगं नको नको म्हणत होतं, पण कोल्हापुरात पाहुण्याच्या नको म्हणण्याला कोण विचारतं? तेव्हापासून तो इसम दर महिन्याला दाजींच्या गल्लीत हटकून बुधवारी, बरोब्बर जेवणाच्या वेळेला येतो, आणि बाकीची मीटरं दाजींच्या घरानंतर ढेकर देत बघतो. बहीण वैतागून म्हणायची, "ह्यांच्या घरात सुखानं जगायचं असंल तर माणसानं पाहुणं म्हणून यावं." ती जाऊन तीन वर्षं झाली. घरात दाजी एकटेच. मी आठवड्यातून दोनदा जाते, पातेली घासली आहेत का बघते, दोन शब्द बोलते आणि परत येते.

अशा घरात ससे आले. माझ्या भाचीच्या, म्हणजे दाजींच्या लेकीच्या, नवऱ्याची बदली बेंगळूरला झाली. तिथल्या फ्लॅटमध्ये जनावरं चालत नाहीत, म्हणून जाताना दाजींची नात टोपलीतून दोन पांढरे गोळे घेऊन आली. एकीचं नाव कुकी आणि दुसरीचं स्नोई, दोघी सख्ख्या बहिणी आहेत, असं तिने सांगितलं. मग दाजींच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजोबा, हे तुमच्याकडे पाहुणे हं. नीट बघा." नातीला बिचारीला काय ठाऊक, आपण कुठला शब्द कुणापुढे उच्चारतोय!

त्या दिवसापासून घरात रोज पाहुणचार सुरू झाला. मंडईत सगळ्यांत लालबुंद गाजरं दाजींची. सफरचंद, तेही फोड करून. रात्री भिजवलेले बदाम. जे बदाम बहिणीच्या बाळंतपणातसुद्धा मोजून निघाले होते, ते ससे खाऊन तोंड पुसत होते. स्नोई हे नाव जिभेला जमेना, म्हणून तिची सोनाई झाली. कुकीला ते कुकीताई म्हणत. काही आठवड्यांत सोनाईने पाच पिल्लं घातली, तेव्हा कुकीताई ही ताई नव्हे, हे जगाला कळलं. दाजी अजिबात डगमगले नाहीत. म्हणाले, "पावण्यांचं पावणं आलं. आनंद हाय." मग जुन्या जाळीचं कुंपण घालून त्यांनी बायकांचा आणि बाप्यांचा मांडव वेगळा केला, हा त्यातल्या त्यात एक शहाणपणा.

सगळ्यांत मोठी गंमत गवताची. पोट बिघडलं म्हणून कुकीताईला आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बदामाची गोष्ट ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, "मामा, सशाला गवत घाला. भरपूर वाळलेलं गवत, थोडा पाला, ताजं पाणी. बाकी सगळे लाड."

दाजी बाहेर येऊन माझ्यावर उखडले. "डागदर हाय का कोन? गवात ढोरं खात्यात. दारात आलेल्या पावण्याला गवात घालू व्हय?"

"अहो, पण त्यांचं अन्नच ते."

"आसंल. म्हनून आपली रीत सोडायची न्हाय."

शेवटी भाचीने तोड काढली. तिने बेंगळूरहून मोबाईलवर मागणी नोंदवली आणि छापील पिशवीतून परदेशी गवत घरपोच आलं. हे दाजींना एकदम पटलं. पिशवीवर सशाचं चित्र होतं, इंग्रजी होतं, म्हणजे ते मानाचं झालं. पुढच्या पिशव्या ते शेजाऱ्याच्या पोरीला सांगून स्वतःच मागवू लागले. मी म्हटलं, "दाजी, पंचगंगेच्या काठावर म्हशीच्या पोटाएवढं गवत माजलंय, आणि तुम्ही ते कुरिअरनं मागवताय! कोल्हापुरात! लोक काय म्हणतील?" तर म्हणाले, "पिशवी फोडून दावू नगंस म्हंजे झालं."

मला हसू यायचं, तोवर ठीक होतं. एकदा महिनाअखेरीला त्यांच्या कपाटात चष्मा शोधताना रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट हाती लागलं. संपायला हवं होतं ते निम्मं भरलेलं होतं. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "एक दिसाआड घेतो. काय फरक पडत न्हाय." फौंड्रीवाल्यांची पेन्शन ती केवढी, त्यात सात पाहुण्यांचा खुराक! काटकसर करायला घरात उरलं होतं कोण? ते स्वतः. मग उरलेल्या गोळ्या पुढच्या महिन्यात पुरवायच्या.

मी भाचीला फोन केला. ती घाबरली. तिने पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका कृषी पर्यटनवाल्याशी बोलून ठेवलं. ससे तिकडे द्यायचे, खर्च मिटेल, बाबा गोळ्या घेतील. कागदावर ठीकच होतं. मी दाजींना सांगायला गेले, तेव्हा ते पायरीवर बसून कुकीताईला दिवसभराच्या बातम्या सांगत होते. सोनाई त्यांच्या मांडीवर झोपलेली. बहीण गेल्यापासून त्यांना एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. मी निरोप दिला. त्यांनी सोनाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आपल्या दारातलं पावणं दुसऱ्याच्या दारात सोडायचं, आसं आमच्यात झालेलं न्हाय, सुमन." आणि आत निघून गेले. सोनाईसकट.

मी धंदेवाली बाई. एखादा सौदा एका बाजूने तुटत नसेल तर दुसऱ्या बाजूने बघते. ससे गेले तर हे पुन्हा भिंतीकडे बघत बसणार, आणि राहिले तर गोळ्या बुडणार. म्हणजे ससे राहिले पाहिजेत आणि खर्च गेला पाहिजे. आणि खर्च सशांचा नव्हताच मुळी, तो त्या शब्दाचा होता. बहीण हसत हसत एक गोष्ट नेहमी सांगायची, "लग्न करून आले तवा उंबऱ्याच्या भाईर हुभी हुते तंवर ह्यांनी मला पेढा भरवला. माप वलांडून आत आले, ती दुसऱ्या दिवसापास्नं शिळी भाकरी."

दुसऱ्या दिवशी मी दाजींना म्हटलं, "पाहुणा किती दिवसांचा?"

"चार दिसाचा."

"यांना येऊन दीड वर्ष झालं. इथं त्यांना पोरं झाली. आता यांना पाहुणे म्हणणं म्हणजे तोंडावर अपमान. परकं ठेवलंय म्हणतील."

हे वर्मी लागलं. दाजी विचारात पडले. "खरं हाय. पन माप वलांडल्याबिगर घरचं कसं म्हनायचं?"

सांगायला लाज वाटते, पण मी, पन्नाशी उलटलेली आणि शहाणी म्हणवणारी बाई, उंबऱ्यावर तांदळाचं मापटं भरून ठेवलं आणि सोनाईला हळदकुंकू लावलं. माझ्या हाताला कायम मिरचीचा वास, त्यामुळे ती लागोपाठ शिंकली. दाजी म्हणाले, "शुभ हाय का अशुभ?" मी म्हटलं, "तिखट आहे." सोनाईने माप ओलांडलं नाही. ती त्याच्याजवळ बसली, वास घेतला, आणि तांदूळ खायला सुरुवात केली. मागून कुकीताईने घाईघाईत उडी मारली ती थेट मापट्यावर. तांदूळ ओसरीभर झाले. दाजींचे डोळे ओले झाले होते. म्हणाले, "आलीत एकदाची घरात." आणि पुढच्याच श्वासात: "तांदूळ गोळा कर, सुमन. घरातलं वाया घालवायचं न्हाय."

मी जिंकले, हे मला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवसापासून बदाम बंद, सफरचंद बंद, छापील पिशवी बंद. गाजर सणावाराला, तेही बोटभर. दाजी सायकलवरून मंडईत जाऊ लागले, आणि भाजीवाल्या बायका जो फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला आणि कोथिंबिरीचे देठ टाकून देतात ते पोत्यात भरून आणू लागले. एक भाजीवाली म्हणाली, "मामा, पाल्याचं पैसं?" तर म्हणाले, "तुझी जागा झाडून देतोय, त्येचं तू दे." पावसाळ्यानंतर नदीकाठचं गवत विळ्याने कापून गच्चीवर वाळवलं. नातीने सशांना कुरतडायला लाकडी खेळणी पाठवली होती, त्यांच्या जागी किराणा दुकानातली रिकामी खोकी आली. लेंड्या शेजारच्या गुलाबांना जातात आणि तिकडून कढीपत्ता येतो. सशांची तब्येत तर अशी सुधारली, की डॉक्टर म्हणाले, "आता कसं!" दाजी आता कुकीताईवर खेकसतातसुद्धा. "देठ टाकतोस व्हय रं? घरात काय टाकसाळ हाय?" घरच्या माणसाशी बोलावं तसं.

तर बारा नोव्हेंबरला मी ती कुसळं वेचून खाली आले. हात धुतले आणि सहज विचारलं, "दाजी, गोळी घेतली का?"

"घेतली की."

"कधी?"

"परवा."

मी कपाट उघडून पाहिलं. गेल्या महिन्याचं पाकीट तसंच, निम्मं. मला असा संताप आला! "अहो, सशांचा खर्च मिटला ना आता?"

"मिटला की."

"मग?"

"मग काय? घरच्या माणसानं सोताच्या अंगावर पैसा घालायचा व्हय? सायकल तरी रोज कुठं ऑईल मागती?"

"तुम्हाला काही झालं तर या सात जणांना कोण बघणार? मी बघणार नाही. आत्ताच सांगते."

"बघशील," ते म्हणाले. "तू बोलतीस तसं वागत न्हाईस." सोनाईच्या कानामागे खाजवत बसले. मग हळूच, मला नाही, तिलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "आन् आमी तरी आता किती दिस? चार दिसाचं पावणं."

मला असली वाक्यं आवडत नाहीत. म्हाताऱ्या माणसांनी ती म्हटली की बायका डोळ्यांना पदर लावतात आणि गोळी राहून जाते. मी चप्पल घातली आणि घरी आले. पण ते वाक्य काही चप्पल काढताना उंबऱ्यावर राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दाजींकडे गेले. ओसरीवर सतरंजी झटकून अंथरली. तांब्या घासून पाणी भरून ठेवलं, पेल्यावर झाकण ठेवलं, आणि बशीत गोळी. दाजी आंघोळ करून बाहेर आले तसं म्हटलं, "या पावणं, बसा."

ते उभेच राहिले. बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्ये काय नवीन?"

"तुम्हीच काल म्हणालात पाहुणा आहे म्हणून. या घरात पाहुण्याच्या ताटातलं कमी करत नाहीत, असं मी ऐकलंय."

मग पाहुणा बसतो तसे अवघडून सतरंजीच्या कडेला बसले. गोळी तोंडात टाकली, वरून पाणी प्यायले. मी पेला पुन्हा भरायला गेले, तर पाहुण्याने म्हणायचं असतं तसं हात आडवा धरून म्हणाले, "बास, बास. लई झालं."

"उद्या बी या," मी म्हटलं.

"येतो की," दाजी म्हणाले.