सुलटी कात

धुकं ओढ्यावर बसलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं. असल्या गारठ्यात साप ऊब धरून पत्र्याखाली पडून राहतो, म्हणून पत्रेवाली उजाडताच माळावर आली. गवतात अंथरलेले जुने पत्रे रोज उचलायचे, खाली गवत्या साप आहे का पाहायचं, पत्रा पुन्हा अलगद टेकवायचा. सापांची गणती ठेवायची, हेच तिचं काम. पलीकडची कड धरून पत्रा आपल्याकडे उचलायचा, म्हणजे साप निघालाच तर पाय आडोशाला राहतात. ही रीत बापाची. त्याच्या मागे काम तिच्याकडे आलं.

डोंगरापलीकडे, गवत्याच्या मुलखाच्या ऐन मधोमध, तिची थोरली बहीण हेच काम करायची.

"अगं, एकेका पत्र्याखाली वेटोळ्यांचा नुसता गुंता! तुझ्याकडे?" बहीण फोनवर विचारायची.

"माझ्याकडे गोगलगाई. मोठ्या गुणाच्या, पळत नाहीत."

इथं गवत्याचा मुलूख संपायचा. पुढे थंडी कडक, गवत खुरटं. इथं तो पहिल्यापासून विरळच, पण असायचा. गेल्या पावसाळ्यापासून मात्र ती हात हलवत घरी जात होती. घास घशाखाली उतरत नव्हता.

ओढ्याकाठचा पत्रा तिनं उचलला. कात! अख्खी, नाकापासून शेपटीपर्यंत.

"आहेस होय रे माझ्या राजा," म्हणत ती खाली बसली. खवल्यांवरून बोट फिरवलं. फिरवता फिरवता बोट थांबलं.

साप कात टाकतो ती पायातून ओढलेल्या मोज्यासारखी, उलटी. ही सुलटी होती.

कात घेऊन ती रस्त्याकडे आली. नवरा तिथं टेम्पोची दोरी आवळत होता. कालच डोंगरापलीकडे भाजी टाकून आला होता.

"काय गं, घावलं काही?" त्यानं नको तितक्या उत्साहानं विचारलं.

"ताईकडून आणलीत ना?"

तो दोरीच आवळत राहिला.

"सुलटी कशाला केलीत?"

"आतलं बाहेर आलं होतं सगळं. म्हटलं, अशी कशी ठेवायची? फुंकर मारत मारत केली, कुठं फाटू दिली नाही." मग हळूच, "चुकलं का?"

"साप उलटीच टाकतो, अहो."

"तू जेवत नव्हतीस गं."

तिला रागही येईना, रडूही फुटेना.

"तिकडे एवढे आहेत," तो म्हणाला. "त्यातला एखादा इकडे येईल की."

"इथले होते ते गेले," ती म्हणाली. "तिकडचे तिकडे."

तिनं कात जपून घडी करून पदरात बांधली. माळावर परत गेली, पुढच्या पत्र्याची पलीकडची कड धरली आणि पत्रा आपल्याकडे उचलला.